पॉवरलेव्हल१०के, निक्सपॅकेजेसमधून: अपडेट करताना कुठे अडतं

झेडएसएच या शेलसाठी, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामसाठी, पॉवरलेव्हल१०के या थीमइतका चपळ प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची ओळ) दुसरा नाही. रेपो (गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाखालचं कोडचं फोल्डर) कितीही मोठा असला तरी एंटर दाबलं की पुढची ओळ हजर. गिटची स्थिती कळायला वेळ लागत असेल तर आधीची माहिती राखाडी रंगात दिसते, ताजी आली की रंग भरतात. स्टारशिप हा दुसरा प्रॉम्प्ट देखणा आहे, बॅश आणि फिश या शेलवरही चालतो, पण तो प्रत्येक प्रॉम्प्टला नवी प्रोसेस उघडतो आणि गिटचं उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. मोठ्या रेपोत हा फरक बोटांना जाणवतो.

थीमच्या कर्त्याने २०२४ मध्येच सांगून टाकलं आहे की नव्या सोयी येणार नाहीत आणि बहुतेक बग तसेच राहतील. म्हणून थीम टाकाऊ ठरत नाही, फक्त अपडेटकडून अपेक्षा बेताची ठेवायची. निक्स या पॅकेज मॅनेजरच्या चॅनलमधून, म्हणजे अपडेट येण्याच्या वाटेने, जी आवृत्ती येईल ती घ्यावी, नव्या आकड्यामागे धावू नये.

निक्सपॅकेजेस या निक्सच्या पॅकेज संग्रहाचं खरं मोल गिटस्टेटसडीमध्ये आहे. गिटची माहिती गोळा करणारा हा सी++ मधला वेगळा प्रोग्राम. एरवी थीम पहिल्यांदा सुरू झाली की त्याची तयार बायनरी नेटवरून उतरवून कॅश फोल्डरमध्ये ठेवते. निक्समध्ये तो सोर्सपासून बांधला जातो, तोही थीमकर्त्याच्या स्वतःच्या लिबगिट२ (गिटची लायब्ररी) शाखेवर, आणि पॅच (सोर्समधला छोटा बदल) लावून थीमला थेट निक्सच्या स्टोअरमधला, म्हणजे बांधलेली पॅकेजेस ठेवायच्या फोल्डरमधला, पत्ता दिला जातो. त्यामुळे ऑफलाइन मशीनवरही काही अडत नाही. थीम आणि हा डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) एकत्रच बदलतात आणि रोलबॅक केलं की एकत्रच मागे जातात. ही सोय इतर पॅकेज संग्रहांत सहज मिळत नाही.

पॅकेजची कृती स्वतः अपडेट करणार असाल तर पहिला सापळा हॅशचा, म्हणजे सोर्सची ओळख पटवणाऱ्या खुणेचा. आवृत्तीचा आकडा बदलला आणि हॅश जुनाच राहिला तर निक्स तक्रार करत नाही. त्या हॅशचा सोर्स स्टोअरमध्ये आधीच असतो, निक्स तोच उचलतो, बिल्ड हिरवा होतो आणि नव्या नावाखाली जुनीच थीम मिळते. म्हणून आकडा बदलताच हॅशच्या जागी लिब.फेकहॅश हा खोटा हॅश टाकायचा, बिल्ड मुद्दाम पाडायचा आणि एररमध्ये 'गॉट' पुढे येणारी ओळ कॉपी करून बसवायची. दुसरा सापळा पॅचचा. ज्या फाइलला पॅच लागतो ती मूळ प्रकल्पात हलली असेल तर 'हंक फेल्ड' येतं. तिथे पॅच काढून टाकू नका, नव्या ओळींवर पुन्हा बसवा. काढला तर बिल्ड होईल, पण थीम पुन्हा नेटवरून बायनरी आणायला जाईल. थीमसोबत येणारा गिटस्टेटस आणि पॅकेज केलेला डेमन यांच्या आवृत्त्याही जुळवून पाहाव्यात. प्रॉम्प्टवर 'गिटस्टेटस फेल्ड टू इनिशियलाइझ' दिसलं की आधी हीच जोडी तपासावी.

सिस्टीम बदलल्यावर उघड्या टर्मिनलमध्ये डॉट-झेडएसएचआरसी (शेलची सेटिंग फाइल, थोडक्यात आरसी) पुन्हा सोर्स करू नका. एक्झेक झेडएसएच करा, म्हणजे शेल कोरा सुरू होतो.

उणं बोलायचं तर ते विझार्डबद्दल. पी१०के कॉन्फिगर हा विझार्ड प्रश्न विचारून डॉट-पी१०के ही थीमची सेटिंग फाइल लिहितो आणि आरसी फाइलमध्ये ओळी घालू पाहतो. होम मॅनेजरने (निक्समधून वैयक्तिक सेटिंग सांभाळणारं साधन) या फाइली स्टोअरमधून लिंक केल्या असतील तर त्या फक्त वाचता येतात, त्यामुळे लिहिणं फसतं. उपाय सरळ आहे: डॉट-पी१०के होममध्ये साधी फाइल म्हणून ठेवा, विझार्ड चालवा, मनासारखं झालं की मग ती कॉन्फिगरेशनमध्ये घ्या. इन्स्टंट प्रॉम्प्टचा (शेल पूर्ण सुरू होण्याआधीच प्रॉम्प्ट दाखवणारा) तुकडा मात्र आरसीच्या अगदी वर हवा. ओळी वर ठेवायला सांगणारं एमकेबिफोर लावलं नाही तर होम मॅनेजर तो खाली ढकलू शकतो. आणि त्याच्यानंतर कुठल्याही ओळीने स्क्रीनवर काही छापलं की इशारा झळकतो.

फाँट हा मुद्दा पॅकेजच्या हातातलाच नाही. चिन्हांची भर घातलेल्या नर्ड फाँट्सच्या तिसऱ्या आवृत्तीने २०२३ मध्ये मटेरियल डिझाइनच्या चिन्हांचे जुने कोडपॉइंट (चिन्हांचे क्रमांक) काढून टाकले. त्यामुळे सिस्टीम अपडेटमध्ये फाँट पुढे गेला आणि डॉट-पी१०केमध्ये मोड 'नर्डफाँट-कम्प्लीट' असाच राहिला की काही चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. थीम बिघडलेली नसते. मोड 'नर्डफाँट-व्ही३' करा, किंवा विझार्ड पुन्हा चालवा. तो हिऱ्याचं आणि कुलपाचं चित्र दाखवून नीट दिसतंय का विचारतो. कुलूप दिसत नसेल तर 'हो' म्हणून पुढे जाऊ नका, आधी टर्मिनलच्या सेटिंगमध्ये फाँट बदला. निक्सओएस या निक्सवर आधारलेल्या लिनक्सवर फाँट बसवला म्हणून टर्मिनल तो आपोआप निवडत नाही.