पनीर, पेन आणि बाजरी : घरी येऊन शिकवणाऱ्या डॉग ट्रेनरबद्दल

पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

ट्रेनर सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा आमच्या कुत्रीकडे, बाजरीकडे, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या, थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, द्राक्षं कुठं ठेवता?" फेब्रुवारी चालू होता. नणंद दिंडोरीला दिलेली, तिच्या मळ्यातून दर सीझनला दोन-तीन क्रेट येतात आणि ते असतात ओट्याखाली, बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपला नाशिक जिल्हा ज्या दोन पिकांवर मिरवतो ती दोन्ही बाजरीला विष. चार महिने कुत्री घरात होती आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओट्याखालचे क्रेट त्याच संध्याकाळी माळ्यावर गेले, आणि यांनाच बोलवायचं हेही तिथेच ठरलं.

बाजरी गावठी. कॉलनीतल्याच एका कुत्रीची पोर, रंग बाजरीच्या भाकरीचा. तिला शिकवायचं होतं ते शेकहँड वगैरे नाही. २०२१ मध्ये कसारा घाटात आमच्या गाडीला मागून ट्रक धडकला. मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या, त्या तीन महिन्यांत जुळल्या. बाकीचं जुळेना. आम्ही राहतो इंदिरानगरला, महामार्ग जवळ. रात्री एखाद्या ट्रकच्या एअर ब्रेकचा 'फुस्स' आवाज आला की माझा पाय उडायला लागतो, मग मनगटावरची जुनी खूण मी नखाने खरवडत बसते, आणि मग श्वास. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात मागे राहणारा आजार) आणि पॅनिक अटॅक (अचानक येणारा भीतीचा झटका) असं लिहून दिलं. गोळ्या आणि समुपदेशन चालू आहे. कुत्रीचा विषय काढला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "शिकवा की. फक्त तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका."

बाजरीला करायचं होतं ते सायकियाट्रिक सर्व्हिस डॉग, म्हणजे मानसिक आजारात मदत करायला शिकवलेला कुत्रा. तसं म्हटलं की लोकांना वाटतं मायेने शेजारी बसणारा कुत्रा. तसा तर कुठलाही बसतो. हा कुत्रा कामाला लावलेला असतो : अटॅक सुरू होताना ओळखून हाताला नाक लावणं, अंगावर आडवं होऊन वजन देणं, वाईट स्वप्नातून उठवणं, गर्दीतून दाराकडे नेणं. अमेरिकेत १९९०च्या अपंगांसाठीच्या कायद्याखालच्या नियमांत हा फरक सरळ लिहिलाय. काम शिकवलेला तो सर्व्हिस डॉग, नुसता जवळ असल्याने बरं वाटतं तो नाही. आणि तिथेसुद्धा मालकाने स्वतः शिकवलेला कुत्रा चालतो, कसलंही सर्टिफिकेट लागत नाही.

हे मला उशिरा कळलं. त्याआधी मी ऑनलाइन कुत्रीसाठी लाल जाकीट घेऊन बसले होते, १,८५० रुपयांचं, वर इंग्रजीत मोठ्ठं 'सर्व्हिस डॉग' लिहिलेलं. नाशिकच्या उन्हात ते दहा मिनिटंसुद्धा घालवत नाही. आता त्यात सासूबाई कपड्यांचे चिमटे ठेवतात. एका ठिकाणी तर ६,५०० रुपयांत फोटोसकट ओळखपत्र मिळत होतं, कुत्रीला न बघता. नशीब, तेवढं टळलं. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, मानसिक आजार त्यात येतो, पण म्हणून असलं कार्ड दाखवलं आणि मॉलच्या गार्डने वाट दिली असं होत नाही. रेल्वेतही बरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, नाहीतर कुत्री गार्डच्या डब्यात. कार्डाने यातलं काहीही बदलत नाही. एक कागद मात्र उपयोगी पडला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "कुत्रं जिन्यानेच न्यायचं" असा फतवा काढला, तेव्हा अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५च्या सूचना छापून त्यांच्या हातात ठेवल्या. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे असतात.

या सरांच्या आधी एक जण येऊन गेला होता. चोक चेन घेऊन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी. म्हणाला, महिनाभर कुत्री माझ्याकडे ठेवा, तयार करून देतो. दुसऱ्याच दिवशी बाजरी त्याच्या बाइकचा आवाज ऐकून कॉटखाली गेली. घाबरून कॉटखाली जाणारी एक बाई घरात होतीच, दुसरी कशाला.

सर लष्करातून निवृत्त. मेरठला आर.व्ही.सी. सेंटरमध्ये (लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाचं केंद्र) शिकलेले, पुढे देवळालीत घर केलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तिला मी शिकवणार नाही. तुम्हाला शिकवणार, तुम्ही तिला शिकवायचं. अटॅक काय माझ्यासमोर येणारे?" क्लिकर (शिकवताना टिक आवाज करायची छोटी डबी) वगैरे काही नाही, खिशातलं टिकटिक करणारं बॉलपेन. कुत्रीने नेमकं हवं ते केलं त्याच क्षणी टिक, आणि मागोमाग पनीरचा तुकडा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. आमच्याकडे घरात मांस शिजत नाही, म्हणून पनीर आणि उकडलेलं रताळं.

आणि मग नाटक. शब्दशः नाटक. मन शांत असताना सोफ्यावर बसायचं आणि मुद्दाम पाय उडवायचा. बाजरी नुसती बघायची. मग कुतूहलाने गुडघ्याला नाक लावलं, की टिक. दोन दिवसांत तिला गणित कळलं. मग नुसतं नाक चालेना, हनुवटी टेकवली तरच टिक. मग पुढचे दोन पाय मांडीवर. मग मी आडवी आणि ती माझ्यावर आडवी. याला आमच्या घरात "दाब" म्हणतात आणि उतरायला "पुरे". आधी तीन सेकंद, मग दहा, मग मनातल्या मनात तीनशे म्हणेपर्यंत. अंगावर पूर्ण वजन घ्यायचं काम मात्र सरांनी ती चौदा महिन्यांची होऊन व्हेटने सांधे तपासेपर्यंत करू दिलं नाही. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळची नोंद शंभरपानी वहीत. दोन वह्या भरल्या.

खरा त्रास होत असेल तेव्हा शिकवायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. तुमचा आवाज बिघडलेला, टिक चुकीच्या वेळी पडणार आणि कुत्री गोंधळणार.

मी विचारलं, सर, पाय उडायच्या आधीच तिला कळेल का? ते म्हणाले, वास तिला आधीच येतो, वास आल्यावर करायचं काय एवढंच शिकवायचंय. मला तेव्हा ते फौजी गप्पांपैकी वाटलं. नंतर वाचलं, २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत ३६ माणसांचा घाम आणि श्वास ताण येण्याआधी आणि आल्यावर गोळा करून चार कुत्र्यांना हुंगायला दिला होता. ७२० वेळांपैकी ६७५ वेळा त्यांनी ताणाचा नमुना बरोबर निवडला.

घोळही झाले. सगळ्यात मोठा घोळ म्हणजे आमचे हे. आयपीएल बघताना यांचा पाय सतत हलतो. शेवटच्या ओव्हरला एकोणीस किलोची बाजरी यांच्या मांडीवर आणि चहा लुंगीवर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला पण धक्का बसलाय, करू दे तिला." सरांनी मात्र यांना पंधरा दिवस समोर बसवून पाय हलवायला लावला आणि बाजरी उठली तरी तिच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही, असं केलं. माझा पाय हलला तरच टिक. जमलं. मॅच हरली तरी आता ती यांच्याकडे फिरकत नाही.

पहिलं खरं काम तिने केलं ते पुढच्या वर्षीच्या मार्चएंडला. मी अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते, त्या दिवसांत लॅपटॉप घरी येतो. रात्रीचे साडेअकरा, डायनिंग टेबल, जीएसटीचा एक आकडा जुळत नव्हता. बाहेर काही वाजलं असेल, मला आठवत नाही. बाजरी टेबलाखाली झोपली होती. उठून तिने माझ्या डाव्या मनगटाखाली नाक घातलं आणि हात वर उडवला. मी चिडले, ढकललं तिला. तिने परत उडवला. तेव्हा बघितलं तर त्याच मनगटावर माझ्या उजव्या हाताची नखं होती, पांढऱ्या रेघा उठलेल्या. मी खाली फरशीवर आडवी झाले आणि "दाब" म्हणायच्या आत ती वर आली. तिच्या पोटाची ऊब, गळ्यातला घुंगरू माझ्या हनुवटीखाली, आणि तोंडाला रताळ्याचा वास. दोनशे चाळीसपर्यंत मोजलं. मग तो आकडाही सापडला, एका बिलात ६ चा ९ झाला होता.

आता कापलेला स्टार. बाजरीला सगळीकडे बरोबर न्यायचं हे माझं स्वप्न होतं. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर, दुपारी सीबीएस बस स्टँडजवळ लांब उभं राहून, सगळं केलं. गंगापूर रोडला एका मिसळवाल्याने बाहेरच्या टेबलाखाली बसू दिलं. दोन रविवार ती टेबलाखाली पुतळ्यासारखी. तिसऱ्या रविवारी शेजारच्या टेबलावरचा पापड पडला, तो खाल्ला, तेवढंही चाललं असतं, पण वेटरच्या हातून ट्रे आदळला आणि ती इतकी थरथरली की मीच तिला "दाब" द्यायला बसले. सर म्हणाले, "ताई, ही घरची नोकरी करेल. बाजाराची नाही." वीस भेटी झाल्यावर! बरेचसे कुत्रे या कामात मधेच गळतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आठवडाभर त्यांचा फोन घेतला नाही. शिवाय ते लिहून काही देत नाहीत, सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात, त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं हेही लिहायला हवं. महामार्गावरच्या द्वारका चौकात मी आजही गोळी आणि समुपदेशकांनी शिकवलेला श्वास घेऊनच जाते. बाजरी घरी असते. रात्री दीडला झोपेत ओरडले तर ती चाटून उठवते आणि मी दिवा लावेपर्यंत पायाशी बसते. यांची झोप मोडत नाही, त्यांनाही सकाळी साडेसहाची शिफ्ट असते.

हिशोब : एका भेटीचे ९००, एकूण २४ भेटी, म्हणजे २१,६०० रुपये, वर्ष-सव्वा वर्षात विखुरलेले. पनीर वेगळं. आठवड्याला चारच घरं घेतात आणि नाव कुठे लिहू नका म्हणाले, म्हणून लिहिलेलं नाही. देवळाली कॅम्पात कुठल्याही व्हेटला "बॉलपेनवाले सर" म्हणून विचारा. घरातल्या माणसांनी रोज पंधरा मिनिटं द्यायची तयारी नसेल तर विचारूही नका, ते पहिल्याच भेटीत चहा न घेता उठतात. आणि पेन ते आणतात, पनीर तुम्ही आणून ठेवा.