ईएसपीएनचं ‘ट्रेड मशीन’: पगार चोख जुळवतं, भाव सांगत नाही

गुणी पण बेशिस्त पोरगा ठेवायचा की दुसऱ्या संघाला द्यायचा, हा वाद पेटला की एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे चाहते ईएसपीएन या क्रीडावाहिनीचं हे मोफत साधन उघडतात. संघ निवडा, खेळाडू निवडा, बटण दाबा. व्यवहार पगाराच्या नियमांत बसतो का ते लगेच कळतं. हे काम खरंच किचकट आहे. ‘फर्स्ट एप्रन’च्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या एका मर्यादेच्या, वर गेलेल्या संघाला दिलेल्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही, त्याहून वरच्या ‘सेकंड एप्रन’च्या पलीकडे तर आपल्या दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडूही आणता येत नाही.

पण व्यवहार ‘पास’ झाला म्हणजे तो शहाणपणाचा ठरत नाही. केव्हिन पोर्टर ज्युनियर या तरुण खेळाडूचंच बघा. लॉकर रूममधल्या राड्यानंतर क्लीव्हलंडने जानेवारी २०२१ मध्ये त्याला ह्यूस्टनला दिलं. बदल्यात दुसऱ्या फेरीची एक पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एक खेळाडू घ्यायचा हक्क), तीही अगदी शेवटच्या ५६ ते ६० क्रमांकात आली तरच! जवळजवळ फुकटच. त्याच एप्रिलमध्ये त्याने मिलवॉकीविरुद्ध ५० गुण आणि ११ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) नोंदवले. क्लीव्हलंडची घाई साऱ्या लीगला दिसत होती, म्हणून भाव पडला. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये, मैदानाबाहेरच्या गंभीर प्रकरणानंतर, ह्यूस्टनलाही त्याला सोडताना वर दोन पिक मोजाव्या लागल्या.

यातलं काहीही मशीन दाखवत नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवोदिताच्या पहिल्या, म्हणजे रूकी करारातलं तिसरं-चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर असतं, त्यामुळे दोन वर्षं तरी स्वस्तात पारखता येतं. आधी ते गणित मांडा, मग बटण दाबा. पगारजुळणीला पाचपैकी चार तारे, सल्ला म्हणून एक.