युटा हिपच्या 'मूळ' एलपीच्या नावाखाली मला 1,535 युरोंची टोपी घातली

जर्मनीत राहून जुन्या जॅझ एलपी जमवणाऱ्या मंडळींनो, युटा हिपची 'पहिली छपाई' कुणी विकायला काढली तर आधी हे वाचा. रेकॉर्डचे 1,450, विम्याचे 60, कुरियरचे 25. एकूण 1,535 युरो गेले. बायकोला अजून निम्माच आकडा सांगितलाय.

युटा ही जर्मन जॅझ पियानोवादक, लाइपझिगची, जन्म 1925. नाझी काळात चोरून जॅझ ऐकत वाढली, 1946 मध्ये रशियन अंमलातून पश्चिमेकडे पळाली आणि नोव्हेंबर 1955 मध्ये न्यूयॉर्कला गेली. 28 जुलै 1956 ला ब्लू नोट या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक झूट सिम्सबरोबर जी एलपी केली (क्रमांक 1530), ती तिची शेवटची. पुढे पियानो सुटला आणि बाईंनी कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. कंपनीला वर्षानुवर्षं तिचा पत्ता माहीत नव्हता, रॉयल्टी पडून! आज त्याच एलपीच्या पहिल्या छपाईला लोक हजारो डॉलर मोजतात, म्हणून 1,450 मला स्वस्त वाटले.

विकणाऱ्याचा मेसेज असा: मावशी वारली, तिचा संग्रह मोडतोय, 1954 साली फ्रँकफर्टच्या क्लबात तिने युटाची सही याच कव्हरवर घेतली होती.

1954! जी एलपी 1956 मध्ये अमेरिकेत रेकॉर्ड झाली, तिच्यावर 1954 ची सही? या तारखा मी लोकांना, कुणी विचारलं नसतानाही, ऐकवत असतो. आणि तो मेसेज वाचून मी काय केलं, तर त्या मावशीबद्दल हळहळलो. पण म्हाताऱ्या माणसाची साल सांगण्यात गल्लत होतेच की, आपल्याकडे कुणाची होत नाही? शिवाय लेबलच्या फोटोत ब्लू नोटचा तेव्हाचा लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूचा पत्ता अगदी बरोबर होता. त्या फोटोवर जाऊ नका. जपानी पुनर्मुद्रणांत तो पत्ता हुबेहूब छापलेला सापडतो.

घरी आलं तेही तेच निघालं. दिव्याखाली तबकडी तिरकी धरली, तर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत ना ध्वनी अभियंता रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही अक्षरं, ना प्रेसिंग कारखान्याची ती कानासारखी खूण. पैसे देण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागाच. सही भिंगातून पाहिली तर नुसते ठिपके. छापील!

बँक म्हणाली, झटपट ट्रान्सफर तुम्हीच केलंत, परत येणार नाही. (खातं 'मेहुण्याच्या' नावावर होतं. विकणारा एक आणि खातेदार दुसरा असेल तर तिथेच थांबा.) जाहिरात होती ती वेबसाइट म्हणाली, व्यवहार आमच्याबाहेर झालाय. पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरला, तर फोनवरचे साहेब विचारतात, "रेकॉर्ड मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी त्यांना मूळ छपाई आणि पुनर्मुद्रण यातला फरक समजावत बसलो. पलीकडून टायपिंगचा आवाजही येत नव्हता! शेवटी सरकारी वकिलांचं पत्र आलं: तपास बंद. लांबलचक फाइल नंबर, खाली कुणाची सहीसुद्धा नाही. कर आकारताना सेंटचा हिशोब ठेवणाऱ्या या देशात 1,535 युरोंचा चोर शोधायला कुणाला सवड नाही.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, कोपऱ्यातला अंगठाही तोच, किंमत 1,390. या वेळी मावशीला सही 1953 मध्ये म्युनिकला मिळालीय. मी तक्रार केली, उत्तर आलं: 'नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.'