समीक्षक व्हायचंय: थेट नाव नोंदवावं की गाईडबरोबर सुरुवात करावी?

दोन-तीन शोधनिबंध छापून आले की समीक्षणाची, म्हणजे जर्नलकडे आलेले इतरांचे निबंध छपाईआधी तपासण्याची, वाट खुली होते. खरं तर वाटा दोन. जर्नलच्या एडिटोरियल मॅनेजर किंवा स्कॉलरवन या निबंध हाताळणाऱ्या ऑनलाइन प्रणालीत खातं उघडून समीक्षणाची तयारी कळवायची, नाहीतर गाईडकडे आलेल्या निबंधाचं सहसमीक्षण करायचं.

पहिली वाट वरवर सोपी. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) जोडला, संस्थेचा ईमेल दिला, विषय निवडले, झालं. गोम आहे ती विषयांच्या यादीत. तिथले शब्द ऐसपैस असतात. हौसेनं पंधरा-वीस खुणा केल्या की विषय जुळतो पण पद्धत जुळत नाही असे निबंध येत राहतात: सर्वेक्षणाचं संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडे मुलाखतींवर बेतलेला अभ्यास. नाकारावा, तर किती निमंत्रणं नाकारली आणि किती दिवस घेतले हे अशा प्रणालींत संपादकाला दिसू शकतं. स्वीकारावा, तर अहवाल भाषेच्या चुका आणि सुटलेले संदर्भ यांपलीकडे जात नाही. माझा कौल दुसरीकडे झुकला तो या एकाच कटकटीमुळे. तरीही हीच वाट धरायची असेल तर खुणा चार-पाचच ठेवा, त्यातल्या निदान दोन पद्धतीच्या. नकार त्याच दिवशी कळवा आणि जमल्यास योग्य समीक्षकांची दोन नावं सुचवा.

सहसमीक्षणात निबंध गाईडच्या, म्हणजे बहुधा तुमच्याही, कामाजवळचा असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचा मसुदा कोणीतरी वाचतं. पहिल्या वाचनात फक्त मुख्य दावा शोधा आणि हाती असलेला विदा (डेटा) तो पेलतो का ते पाहा. तक्ते, नमुना, विश्लेषण दुसऱ्या वाचनात. दोघांनी टिपणं वेगवेगळी काढून मग ताडून पाहावीत. मुदत साधारण दोन-तीन आठवड्यांची, म्हणून तुमचा मसुदा आठवड्यात व्हायला हवा.

अर्थात इथेही खोट आहेच. निबंध गोपनीय असतो. संपादकाची परवानगी न घेता गाईडनं तो विद्यार्थ्याकडे सरकवणं कोप (COPE) या प्रकाशन-नीतीच्या समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. आणि नाव कळवलं नाही, तर कष्ट तुमचे, नोंद गाईडची. तेव्हा परवानगी आधी मागायला लावा. फॉर्ममध्ये सहसमीक्षकाचा रकाना नसेल, तर फक्त संपादकासाठी असलेल्या चौकटीत तुमचं नाव आणि ईमेल घालायला सांगा. पुढचं निमंत्रण थेट तुम्हाला येण्याची शक्यता त्यातूनच तयार होते.

गाईड न वाचताच अहवाल पाठवून देणारे असतील, तर मात्र थेट नोंदणी बरी.

वाट कुठलीही असो, 'स्वीकारावा' किंवा 'नाकारावा' हे लेखकांसाठीच्या मजकुरात लिहू नका. दुसऱ्या समीक्षकाचं मत उलटं निघालं, तर निर्णयाच्या पत्रात संपादकाची पंचाईत होते.