गावातल्या केबलवाल्याचं फायबर : गेमिंग आणि कोडिंगसाठी घ्यावं का?

घ्या. पण ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊ नका, १०० चाच घ्या आणि वाचलेल्या पैशांत स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा न बदलणारा इंटरनेट पत्ता, मागून घ्या.

पलूसच्या आमच्या भागात केबल टीव्हीवाल्यांनीच फायबर टाकलंय, माझं कनेक्शन त्यातल्याच एकाचं. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि केबलवाले दादा रोज दारावरून जातात. घरून बॅकएंडचं काम, रात्री व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम, सुट्टीच्या दिवशी घरच्याच जुन्या पीसीवर माइनक्राफ्टचा सर्व्हर, असा माझा वापर. ५९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७०७. अपलोडही १०० चाच मिळतो, ही यांची खरी जमेची बाजू.

आता पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पलूस-मुंबई जाऊन-येऊन ८०० किलोमीटर धरले तरी प्रवासाचे ४ मिलिसेकंद होतात. बाकीचा सगळा वेळ वाटेतल्या टोलनाक्यांवर, म्हणजे मधल्या राउटरांवर जातो. दिवसा पिंग १५ मिलिसेकंदांच्या आसपास, झकास. रात्री नऊनंतर गाव मालिका नि मॅच बघायला बसलं की तोच ४५ वर. ट्रेसराउट (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते दाखवणारी यादी) काढला तर घरापासून दादांच्या ऑफिसपर्यंत सगळं चोख, त्याच्या वरचा एक टप्पा तेवढा फुगलेला. जीपीऑनच्या, म्हणजे या प्रकारच्या फायबर जाळ्याच्या, एका पोर्टला डाउनलोडसाठी अडीच गिगाबिट असतात आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. तिथं अजून जागा आहे. यांनी वरून घेतलेली बँडविड्थच अपुरी पडते. मग ३०० चा प्लॅन घेऊन काय उपयोग? नाका तोच, रांगही तीच.

फुकट मिळणारा राउटर मात्र थेट अडगळीत टाकण्याच्या लायकीचा. फोनवरचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की पिंग ३०० ला जायचा आणि गेममधला माझा खेळाडू भिंतीला धडका मारत बसायचा. राउटर डेटाच्या पाकिटांची लांबलचक रांग लावून ठेवतो, त्याचा हा प्रताप. ओएनयू (घरात फायबर जोडली जाते तो डबा) ब्रिज मोडला टाकला, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद केलं, मागं ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर असलेला राउटर लावला, त्यातल्या एसक्यूएममध्ये (रांग आवरणारी सोय) केक ही पद्धत निवडली आणि वेग दोन्ही बाजूंनी ९० वर बांधला. दहा एमबीपीएस गेले, पण आता घरात कुणी काहीही चढवू दे, पिंग दोन-चारनंच हलतो. ब्रिज मोड करून घ्यायलाच जास्त झगडावं लागलं. दादांचं एकच पालुपद : “ताई, नेट चालतंय न्हवं? मग कशाला हात लावायचा?”

राउटरच्या स्टेटस पानावर १००.६४ ने सुरू होणारा आयपी दिसला की समजायचं, आपण सीजीनॅटच्या मागं आहोत. एकच सार्वजनिक आयपी कित्येक घरांत वाटलेला. मग माइनक्राफ्टचा २५५६५ पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येत नाही. टेलस्केल या दोन मशीन थेट जोडणाऱ्या ॲपनं भागतं, पण पुण्यातल्या मावसभावाला ते फोनवरून बसवायला शिकवणं म्हणजे संयमाची परीक्षा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, प्रत्येक घराला वेगळे पुरतील इतके) दिलं तर प्रश्नच मिटेल. मोबाइलवर ते कधीचं आलंय, इथं “बघू की” एवढंच उत्तर. शेवटी महिना १५० देऊन स्टॅटिक आयपी घेतला.

कामाच्या बाबतीत कुरकुर कमी. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅमचं रिमोट एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर घरून काम करायची सोय) अशा कनेक्शनवर फार उपयोगी पडतं : टाइप केलेलं आपल्याच मशीनवर उमटतं आणि डॉकरची इमेज (प्रोग्रॅमचं तयार पॅकेज) तिकडं सर्व्हरवर बिल्ड होते. टर्मिनलसाठी एसएसएचऐवजी मोश वापरते, नेट मध्येच गेलं तरी सेशन मरत नाही.

आणि नेट जातं. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या गावातून जातात, वरपर्यंत रचलेल्या, आणि रस्त्यावरून लोंबणारी फायबर सोबत घेऊन जातात. ओएनयूवर लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लागला की मी सरळ फोन लावते. मागच्या हंगामात रात्री दहाला तार तुटली. दादांचा पोरगा आला, बुलेटच्या सीटवर स्प्लायसिंग मशीन ठेवलं, मोबाइलचा टॉर्च दातांत धरला. तार सोलली, स्पिरिटनं पुसली, क्लीव्हरवर कापली. मशीनच्या स्क्रीनवर दोन टोकं जवळ येताना दिसली, बारीक ठिणगी, आणि लॉस ०.०२ डीबी. घरात येऊन पॉवर मीटर लावला तर सिग्नल उणे १९ डीबीएम. उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे उत्तमच. माझी रँक्ड मॅच गेली ती गेली, पण तासाभरात नेट परत. याआधी एका मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं, तिथं तिकीट नंबर यायचा, माणूस यायचा नाही.

लाइट गेली तर दादांच्या ऑफिसात बॅटरी आहे, त्यामुळं घरी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस ओएनयूला आणि राउटरला लावा, काम थांबत नाही. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सूट कितीही सांगितली तरी. आधी रात्री साडेनऊचा पिंग बघून घ्या. आणि दिवाळीनंतर, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की, फोनमध्ये हॉटस्पॉटपुरता डेटा पॅक मारून ठेवा.