बाहुली इथली घ्यायची का बाहेरून मागवायची: एका चकणीमुळे ठरलेलं माझं मत

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, दादा मी कलेक्शन सुरू करतेय, पहिल्या चार-पाच बाहुल्या इथेच घेऊ का सरळ अमेरिका-जपानवरून मागवू? तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण सात वर्षं दोन्हीकडून घेऊन झालंय आणि दोन्हीकडे चटके बसलेत. मी १/६ स्केलवाला (खऱ्या मापाच्या एक षष्ठांश), म्हणजे बार्बी आणि तिच्या मापाच्या सगळ्या. बीजेडीवाल्यांनी, म्हणजे बॉल-जॉइंटेड डॉल घेणाऱ्यांनी, माझं फार मनावर घेऊ नका, तुमचं गणितच वेगळं.

पैशाचं आधी उरकून टाकतो, त्यावर सगळेच बोलतात. बाहेर ४० डॉलरला दिसणारी बाहुली घरी येईपर्यंत ४० डॉलरची राहत नाही हे आता नवशिक्यालाही माहितीये, पण ती नेमकी कुठे फुगते ते बघा. बॉक्समधे फुगते. बाहुली आणि पुठ्ठा मिळून वजन किती, अर्धा किलो धरा. पण कुरियरवाला लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमधे गुणतो, ५००० ने भागतो आणि ३३ बाय २५ बाय ९ चा बॉक्स जवळजवळ दीड किलोचा होऊन बसतो. सेलर भला माणूस असला तर तो बॉक्स अजून एका खोक्यात घालतो, म्हणजे आकडा आणखी वर. थोडक्यात तुम्ही हवेचं भाडं भरता. आणि कस्टम ड्युटी नुसत्या बाहुलीवर नसते, शिपिंग धरून जो आकडा होतो त्याच्यावर असते, म्हणजे हवेवर पण ड्युटी! माझ्या एका पार्सलची ड्युटी बाहुलीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त बसली होती. आपल्यासारख्यांच्या वैयक्तिक पार्सलला कस्टममधे वेगळं हेडिंग लागतं आणि त्याचा दर बजेटमधे खालीवर होत असतो, तेव्हा मागवायच्या आधी त्या वर्षीचा दर बघा, कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्या पण नाही.

आणि ड्युटी वाचवायला ते ‘सेलरला गिफ्ट लिहायला सांग’ हे प्लीज आता बंद करा. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून वस्तू आणायला बंदी आहे, अपवाद फक्त दोन, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. त्यातही राखीच, राखीबरोबर पाठवलेली भेट नाही.

मग इथली दुकानं भरलेली असायला पाहिजेत, तर तसंही नाही. खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमधे २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०, मधे जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं, आणि आपलं बाहुल्यांचे बूट-हँगर-पर्स मागवायचं लाडकं ठिकाण म्हणजे अलीएक्स्प्रेस, ते नोव्हेंबर २०२० मधे इतर अॅपांबरोबर बंदच झालं. म्हणजे २०२० ते २०२१ च्या वर्षभरात तीन दारं लागली. इथे रॅकवर जे दिसतं ते बहुतेक मुलांनी खेळायचं, बार्बीची साधी फॅशनिस्टा मालिका वगैरे, कलेक्टरसाठी काढलेलं क्वचित. हे इथल्या बाजूचं मोठं उणं आहे, मी नाकारत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. चकणी.

२०२२ मधे अमेरिकेतल्या एका सेलरकडून एक बाहुली मागवली. ब्रँड कुठला ते जाऊ दे, हे सगळ्याच ब्रँडमधे होतं. सहा महिने फोटो बघून बघून झुरत होतो, शेवटी बोनस आला आणि मागवली. पाच आठवडे लागले, मधे दोनदा केवायसीचा मेसेज, एकदा आधारचा फोटो अंधुक आहे म्हणून परत पाठवा. हे सगळं मी आनंदाने केलं, खोटं कशाला सांगू. पार्सल आलं, बॉक्स एकदम कोरा, कोपरा सुद्धा दुमडलेला नाही. आणि खिडकीतून बघतो तर बाई डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघतायत आणि उजव्याने पंख्याकडे.

तुम्हाला माहितीच आहे की हे डोळे छापलेले असतात, छपाई केसभर सरकली की चेहरा गेला. कपडे उसवले तर शिवता येतात, केस विस्कटले तर गरम पाण्यात बुडवून विंचरता येतात, डोक्यातला गोंद झिरपून केस चिकट झाले तरी लोक काही ना काही उपाय करतात. डोळ्याला उपाय नाही, म्हणजे आहे, अॅसिटोनने पुसून नव्याने रंगवायचा, पण मग ती तुम्ही विकत घेतलेली बाहुली राहिली कुठे? सेलरला फोटो पाठवले. तो म्हणाला सॉरी, परत पाठवा, पैसे देतो, परत पाठवायचा खर्च मात्र तुमचा. हिशोब केला तर तिला परत पाठवणं तिला आणण्याइतकंच महाग, वर कागदपत्रं, आणि भरलेली ड्युटी सोडवायला कोण बसणार. नाहीतर ठेवून घ्या, पाच डॉलर परत करतो म्हणाला. घेतले पाच डॉलर. आमच्या आईने तिला बघितलं आणि म्हणाली असू दे, एवढ्या सुंदर बाहुल्यांमधे एक तीट पाहिजेच.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न किंमत किती हा नसतो. चेहरा निवडता येणार आहे का, हा असतो.

इथे तो येतो. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात मी एकाच मॉडेलच्या असतील तेवढ्या बाहुल्या खाली काढायला लावतो, पाच असतील तर पाच, जमिनीवर ओळीने लावतो आणि उकिडवा बसून बघतो. ओठांची रेघ, भुवई, दोन्ही बुबुळांमधले पांढरे ठिपके एका रेषेत आहेत का. पाचात एक तरी जरा तिरकी निघतेच, दोन ठीक असतात, एक बरी आणि एक अशी असते की ती बघितल्यावर बाकीच्या चार वेगळ्याच वाटायला लागतात. ती घ्यायची. सेल्समन विचारतो मुलीसाठी का सर? मी हो म्हणतो. मला मुलगी नाही. पण हे सुख परदेशातून मागवून मिळणार नाही, आणि इथून ऑनलाइन मागवली तरी निदान परत न्यायला माणूस दारात येतो. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इथल्या ऑनलाइनचं एक दुखणं आहे, बॉक्स कसाही येतो, खोकं नाही काही नाही, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून. एनआरएफबी, म्हणजे बॉक्समधून कधीच न काढता ठेवणाऱ्यांना हे चालणार नाही. मी उघडतो, मला चालतं.

जपानचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे, सगळं ‘बाहेर’ एका मापाने मोजू नका. तिकडचे सेकंडहँड विकणारे बाहुलीच्या पोटरीवर तांदळाच्या दाण्याएवढा डाग असला तरी त्याचा वेगळा फोटो टाकतात. डोळा कसा आहे ते मागवायच्या आधीच कळतं. बायी किंवा झेनमार्केटसारख्या प्रॉक्सीकडून, म्हणजे आपल्या वतीने तिकडे खरेदी करणाऱ्या साइटकडून घेतलं की चार जणांकडच्या चार गोष्टी गोडाऊनमधे एकत्र करून एकच खोकं येतं, आणि सुट्या बाहुल्या असतील, बॉक्स नसेल, तर ते हवेचं भाडं पण वाचतं. रिका, म्हणजे १९६७ पासूनची लिक्का-चान, किंवा ब्लाइथ हव्या असतील तर दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही. ब्लाइथ अमेरिकेत १९७२ ला आली, वर्षभरात बंद पडली आणि २००१ मधे जपानने तिला पुन्हा उभं केलं, आपल्या दुकानांत ती मी कधी पाहिली नाही. तर तुमचं मन जपानी बाहुल्यांवर असेल तर माझं पुढचं वाचू पण नका, मागवा.

अॅक्सेसरीजकडे येतो, कारण इथे माझा तराजू सरळ इथल्या बाजूने झुकतो. मी आधी बाहेरून छोटी प्लास्टिकची भांडी, टीसेट वगैरे मागवायचो. मग एकदा गौरींच्या आरासीचं सामान घ्यायला तुळशीबागेत गेलो, बॅगेत सहज एक बाहुली होती (असते, हसू नका), आणि भातुकलीच्या दुकानात पितळेची कळशी तिच्या कमरेला लावून बघितली. खोटं वाटेल, पण ती शिवल्यासारखी बसली. तिथला चार इंची बंब घ्या, सहाने गुणा, दोन फूट, म्हणजे आजीच्या न्हाणीघरातला बंबच. घंगाळ, परात, चूल, पोळपाट-लाटणं, खलबत्ता. सगळंच मापात बसतं असं नाही, पाटा-वरवंटा जरा मोठाच असतो, आणि स्टीलची भांडी फार चकाकतात, फोटोत खेळण्यातली दिसतात, पितळ घ्या. दुकानदाराला एकदा सांगितलं की बाहुलीच्या हातात बसायला पाहिजे, की तो स्वतःच शोधून देतो, त्याला पण मजा येते.

देवाच्या सामानाची दुकानं तर आपल्यासाठीच आहेत. बाळकृष्णाचे कपडे नंबराने मिळतात, अगदी शून्य नंबरपासून, त्यांच्या घेराचा शाल म्हणून, केप म्हणून मस्त उपयोग होतो. छोटा पाळणा, चौरंग, गादी-लोड, मोत्याचे हार. मंगळागौरीचा सीन करायचाय? पन्नास पावलांत सगळं. रविवार पेठेत लेस आणि मणी, आणि पैठणी काठाचा उरलेला तुकडा घरात कुणाकडे ना कुणाकडे असतोच. नऊवारी आई शिवते, वेलक्रो लावून, पहिल्यांदा तिने मला वेड्यात काढलं होतं, आता स्वतः विचारते की पुढची कधी आणतोस. हे कुठल्या परदेशी साइटवर मिळणार? मिळेल पण, पण मग ती सारी-सेट नावाची चमकी लावलेली काहीतरी गोष्ट असेल.

जुन्या बाहुल्यांचं अजून एक, याचा विचारच कुणी करत नाही. नव्वदच्या दशकात लिओ मॅटेल या कंपनीच्या, इथे बनलेल्या साडीतल्या बार्ब्या, किंवा नंतरची ती एक्स्प्रेशन्स ऑफ इंडिया मालिकेतली रूपवती राजस्थानी, मिस्टिकल मणिपुरी, यांच्या मागे बाहेरचे कलेक्टर असतात. आणि त्या आहेत कुठे, तर आपल्याच माळ्यांवर. माझी पहिली बाहुली बायकोच्या माहेरी सांगलीला ट्रंकेत सापडली, साडीसकट, एक बूट नव्हता एवढंच. परदेशी साइटवर तशीच एक विकायला होती तिची किंमत सासूबाईंना दाखवली. बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, अजून दोन होत्या, बोहारणीला दिल्या, पातेलं आलं होतं. त्यामुळे नातेवाईकांचे माळे आधी शोधा, परदेशी ऑक्शन नंतर.

बाहेरचं कुठे जिंकतं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी बोलतोय. एक म्हणजे बॉडी, कारण आपण एकीचं डोकं काढून दुसरीच्या बॉडीवर बसवतो. बार्बीच्या मेड टू मूव्हची बावीस सांध्यांची बॉडी हवी आणि डोक्याच्या रंगाशी तंतोतंत जुळणारी हवी, तर इथे मिळेल तो रंग घ्यावा लागतो आणि मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्या, असं होतं. दुसरं म्हणजे बूट. टाच वर असलेल्या पायाचे इथे कसेबसे जमतात, पण सपाट पायाच्या किंवा कर्व्ही, म्हणजे भरल्या अंगाच्या बाहुलीला इथे अनवाणीच फिरावं लागतं. मी कोल्हापुरी करून बघितल्या, रेक्झिनच्या, दोन दिवस लागले आणि दोन्ही डाव्या पायाच्या झाल्या.

आणि तिसरा मार्ग सगळ्यांना माहितीये, येणाऱ्या माणसाची बॅग. २०१६ च्या नियमात इथल्या माणसाला विमानाने येताना ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता यायचं, मर्यादा आता काय आहे ते निघायच्या आधी बघून घ्या. २०२४ ची दिवाळी बार्बी, अनिता डोंगरेंच्या लेहेंग्यातली, माझ्याकडे अशीच आली, न्यू जर्सीच्या वहिनीबरोबर. पण संकोचाचं काम आहे ते. जाताना भाजणी-मेतकुटाने भरलेली बॅग येताना रिकामी असते हा आपला गैरसमज, आणि त्यात खिडकीवाला मोठा बॉक्स म्हणजे वहिनीने दोन स्वेटर तिकडेच ठेवले होते, हे मला दादाकडून नंतर कळलं. शिवाय दुकानात उभं राहून डोळे तपासा असं वहिनीला कसं सांगणार. मी सांगितलं होतं. तिने व्हिडिओ कॉल लावून तीन बाहुल्या दाखवल्या, तिसऱ्या वेळी आवाज जरा चढला होता.

तर त्या मुलीला मी सांगितलं की पहिल्या पाच इथेच घे, दुकानात जाऊन, हातात घेऊन, सामान तुळशीबागेतून. जपानी एखादी मनात भरलीच तर मग बघ. माझं चुकत असेल, बाहेरून मागवून एकही चकणी न मिळालेले लोक असतीलच की.

वहिनी या डिसेंबरला परत येतायत. काय आणू विचारलं. म्हटलं बाहुली नको, सपाट पायाच्या बुटांची दोन पाकिटं आणा फक्त, पर्सच्या कप्प्यात बसतील.