टेस्टर की मल्टिमीटर?

वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. अशा वेळी आपण आधी टेस्टर काढतो. दिवा मिणमिणला की लगेच "बॉडीत करंट!" पण टेस्टर इतकंच सांगतो, 60 व्होल्ट की 230, ते नाही. पायात रबरी चप्पल असेल तर कधी पेटतही नाही, म्हणून त्याच्या 'नाही'वर माझा अजिबात विश्वास नाही.

मल्टिमीटर आकडा देतो. एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ मोजा: 2-3 व्होल्ट ठीक. 110च्या आसपास दिसले तर बहुधा अर्थची वायर कुठेतरी तुटलीय आणि मशीनच्या आतल्या विजेच्या फिल्टरमधून (धागे अडवणाऱ्या जाळीतून नव्हे) येणारा व्होल्टेज अर्थच्या पिनवर तरंगतोय. मग एकेक एमसीबी (बोर्डातला त्या त्या लाइनचा स्विच) पाडायचा; ज्याने आकडा कोसळला, त्या लाइनवर शोध घ्यायचा. टेस्टरने हे जमत नाही.

मीटरही फसवतो म्हणा. नुसत्या शेजारच्या वायरमुळेही तो 40-50 व्होल्ट दाखवतो. वायरमन न्यूट्रल-अर्थमध्ये बल्ब लावून बघतो: आकडा शून्याकडे गेला तर किरकोळ, बल्ब पेटला तर मेन स्विच बंद.

रोजच्या खिशात टेस्टर राहू दे. अर्थिंगसाठी मात्र मीटरच, आणि घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी.